पिस्टनच्या पुढचे दोन थेंब

आत्याबद्दल सांगायचं म्हटलं की मला स्वतःबद्दलही सांगावं लागतं, आणि तिथेच माझी पंचाईत होते. तिचं कौतुक करायला बसते आणि दहा मिनिटांत माझीच मान खाली जाते. पण सांगते. जिने केलं तिनेच सांगितलेलं बरं.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळच मिळाला नाही गं, मशीनं बिघडत राहिली." तीस वर्षं तिने कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त केली. दीडशे यंत्रं आणि ही एकटी. दारातून आत येतानाच सांगायची, तिसऱ्या ओळीतल्या सातव्या मशीनची सुई वाकलीय. लहानपणी आम्हाला वाटायचं थापा मारते. थापा नव्हत्या.

मी नेमबाजीच्या क्लबमध्ये रेंज सांभाळते. क्लब म्हणजे फार काही मनात आणू नका. एक लांबट हॉल, सहा जणांनी उभं राहायची जागा, समोर दहा मीटरवर कागदी कार्डं, आणि बारा एअर रायफली. सगळ्या स्प्रिंगच्या. नळी बिजागरीवर मोडून खाली ओढली की आतली स्प्रिंग दबते, चाप ओढला की ती सुटते आणि पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेच्या धक्क्याने छर्रा जातो. ना दारू, ना काही. ऐकायला किती साधं! पण त्यातली एक रायफल सुटली की स्टीलचा डबा जिन्यावरून गडगडत यावा असा आवाज करायची, आणि नेम म्हणाल तर देवाच्या भरवशावर. आत्या नुकतीच निवृत्त झाली होती आणि घरात सगळ्यांच्या मिक्सरच्या मागे लागली होती. म्हटलं, हिला जरा कामाला लावू.

तिने एकदाच आवाज ऐकला. "स्प्रिंग वाकडी आहे. आणि पुढचा वॉशर कशाला तरी घासून कापला गेलाय."

"न उघडता कसं कळलं तुला?"

"मिरचे, तू ताप आल्यावर उघडून बघतेस का माणसाला?"

मिरची म्हणजे मी. माझ्या जिभेवरून तिने ठेवलेलं नाव. सगळ्या घरात तेच चालतं, आणि ते खोटं आहे असं म्हणायची सोय मी कधी ठेवली नाही.

तर रायफल उघडली. स्प्रिंग काचेवर लोळवली, ती थबकत थबकत गेली, म्हणजे वाकडी. मग आत्याने पिशवीतून काय काढलं असेल? जुना नायलॉनचा पायमोजा! तो काठीला गुंडाळून तिने पिस्टनच्या नळकांड्यात घातला आणि हळूहळू फिरवला. एका जागी मोजा अडकला, धागा निघाला. "इथे कुसळ आहे लोखंडाचं," म्हणाली. "वॉशर आत घालताना इथेच सोलला जातो. कंपनीने घासलंच नाही, मेल्यांनी." तिथे बारीक घासून काढलं, नवा वॉशर घातला, नवी स्प्रिंग, आणि ग्रीस किती? नखाच्या टोकावर राहील एवढंच. शेवटी स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका. स्क्रू सैल होऊन फिरला तर ठिपक्याची रेघ तुटते आणि लगेच कळतं. स्वतःच्या नखाला तिने जन्मात नेलपॉलिश लावलं नाही, पण दुकानात जाऊन निरखून रंग निवडायची.

वर्षभरात रेंजच्या मागची सामानाची खोली तिची झाली. एक खिडकी, एक बाक, एक शेगडी चहापुरती. बाराच्या बारा रायफली तिने एकेक करून उघडल्या. तिची एक वही होती, प्रत्येक रायफलीचं एक पान. छर्ऱ्याचा वेग मोजायचं छोटं यंत्र क्लबकडे होतं, त्यातले आकडे ती लिहायची. दुरुस्तीनंतरचे पहिले साठ बार मात्र कधीच लिहायची नाही. "आधी तिला कुरकुर करून घेऊ दे, मग विचारू कशी आहेस." त्यानंतरचे आकडे बघावेत! पाचशे बासष्ट, पाचशे साठ, पाचशे त्रेसष्ट, पाचशे बासष्ट. सेकंदाला एवढे फूट. आणि कार्डावर पाच भोकं, शर्टाच्या एका बटणाखाली झाकावीत अशी.

बाहेरच्या रायफली सहाशे, सव्वासहाशे मारायच्या. लोक येऊन तिला म्हणायचे, बाई, वेग वाढवून द्या. ती म्हणायची, "वेग घेऊन जायचंय कुठे? कार्ड दहा मीटरवर आहे, पळून जात नाही ते. मला प्रत्येक वेळी सारखी हवीय." आणि तिचा एकच कायदा होता, तो तिने मला शंभरदा तरी ऐकवला असेल. पिस्टनच्या पुढे तेलाचा थेंब जाता कामा नये. पिस्टन हवा दाबतो तेव्हा ती इतकी तापते की तेल पेटतं. मग छर्रा हवेने नाही, स्फोटाने जातो. एक बार जोरात, दुसरा मध्यम, तिसरा कसा जाईल ते त्यालाच ठाऊक.

शंभरदा ऐकलं होतं मी. हे लक्षात ठेवा.

मग क्लबला नवे अध्यक्ष आले. दातांचे डॉक्टर. माणूस वाईट नाही, पण दिवसभर लोक त्याच्यासमोर तोंड उघडून गप्प बसतात, त्यामुळे आपण बोलतो ते सगळ्यांना पटतं असा त्याचा समज. त्याचं म्हणणं, रायफली बाहेरच्या कंपनीकडे द्याव्यात आणि मागच्या खोलीत ढाली-चषक मांडावेत. मी भांडले. अगदी कमरेला पदर खोचून भांडले. शेवटी ठरलं की रविवारी सकाळी दहा वाजता कमिटीसमोर आत्याने दुरुस्त केलेल्या रायफलीची चाचणी घ्यायची. दहा बार वेगाच्या यंत्रावरून, पाच कार्डावर. चांगली निघाली तर खोली आत्याची.

आत्या निवांत होती. "घेऊ देत की. सारखी येते की नाही एवढंच बघायचंय ना?" पण रात्रीचं जेवण तिला गेलं नाही, हे मला बाबांनी सांगितलं. सदुसष्ट वर्षांची बाई. ती खोली सोडली तर तिच्याकडे तिचं असं काय होतं? रोज सकाळी नऊ वाजता दोन वेण्या घट्ट घालून ती तिथे कामावर जायची. कामावर, हा तिचाच शब्द.

शुक्रवारी डॉक्टरांचा फोन आला. "काय हो, तुमच्या आत्याबाईंची किती मारते? माझ्या मेव्हण्याने कंपनीकडून करून आणली, सहाशे वीस!" त्या आवाजातली फुशारकी ऐकली आणि माझं डोकं सटकलं. "आमची साडेसहाशे," मी म्हटलं. ठोकून दिलं. पुन्हा फोन करून 'चुकले, पाचशे साठ' म्हणायला किती वेळ लागला असता? पण नाही केला. मी कशी माघार घेणार!

रविवारी साडेआठला आत्या आली. तेलाच्या फडक्याने रायफल बाहेरून पुसली, पाच बार मारून बघितले, पाचही बारांचे वेग एकमेकांच्या तीन फुटांच्या आत. खूश झाली. मग रायफल खोलीतल्या बाकावर ठेवून छर्रे निवडायला हॉलमध्ये गेली. काचेवर छर्रे लोळवून दबलेले बाजूला काढायला तिला वीस मिनिटं लागतात. तिची तेलाची कुपी बाकावर होती. लांब बारीक नळीची, कारखान्याने निरोपाला दिलेली.

मी नळी मोडली आणि हवा येते त्या भोकात दोन थेंब सोडले. वाटलं, थोडीशी वाढेल. साडेसहाशे नाही तर निदान सहाशे दहा. माझी शान राहील आणि आत्याची खोलीही राहील. हो, त्या वेळी मी स्वतःला असंच सांगितलं, की हे तिच्यासाठी करतेय. लाज वाटते हे सांगायला. तिच्यासाठी! मी माझ्या तोंडातून गेलेला एक आकडा वाचवत होते, बस.

दहा वाजता कमिटी खुर्च्यांवर बसली. आत्याने इस्त्रीची साडी नेसली होती. तिने रायफल उघड्या तळहातावर ठेवली, ही कधी आवळून धरायची नसते, आणि पहिला बार मारला.

काय आवाज झाला! माझे कान बसले. नळीतून निळसर धूर आला आणि जळक्या तेलाचा वास. यंत्रावर आकडा: सातशे चाळीस. डॉक्टर म्हणाले, "वा!" आत्याने रायफल खाली घेतली आणि तिच्याकडे अशी बघितली, जणू घरातलंच कुणीतरी परक्या भाषेत बोललं. दुसरा बार सहाशे दहा. तिसरा सहाशे नव्वद. चौथा पाचशे चाळीस. डॉक्टरांचं 'वा' तिथेच थांबलं. दहा बार झाले, त्यातले कुठलेही दोन सारखे नव्हते. कार्डावरची भोकं एकाखाली एक, बोटभर लांब.

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडले तरी असते. आत्या म्हणाली, "तेल गेलंय पुढे. माझ्याच हातून गेलं असणार. सकाळी पुसली ना मी." आणि वळून माझ्याकडे बघितलं. "मी कुपी घेतली होती का गं? मला आठवत नाही."

तो क्षण. बोलायचं होतं ते तेव्हाच. माझी ही मोठी जीभ, सगळ्या गावाला पुरून उरणारी, टाळूला चिकटून बसली. मी म्हटलं, "मला कुठे दिसलं?"

डॉक्टर उठून आले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून इतक्या मायेने बोलले की काय सांगू. "वाईट वाटून घेऊ नका, बाई. वय होतं. हाताने केलेलं डोक्याला कळत नाही." आत्याने मान हलवली. त्याच दुपारी तिने ती रायफल उघडली. पिस्टनच्या पुढे तेल सापडलं. म्हणजे पुरावाच की! तिच्याच बाकावरच्या कुपीतलं, तिच्याच खोलीत, तिच्याच कुलुपाखाली. दुसरं कोण घालणार? माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही.

खोली गेली. तिने अवजारं दोन खोक्यांत भरून घरी नेली. जाण्याआधी उरलेल्या अकरा रायफली परत उघडून बघितल्या, कुणी सांगितलं नसताना. सगळ्या स्वच्छ. त्याने तिला हायसं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. "अकरा नीट केल्या आणि बारावीला तेल घातलं आणि आठवतही नाही," म्हणाली. "म्हणजे कधी होईल ते सांगता येत नाही."

त्यानंतरचे पाच महिने मी बघितले आहेत. ती सकाळी फोन करायची, "मिरचे, काल मी गॅस बंद केला होता ना?" मी तिथे नव्हतेच, तरी विचारायची. कुलूप लावून जिना उतरायची आणि पुन्हा चढून ओढून बघायची. डोळ्यांचा डॉक्टर झाला, मेंदूचा झाला. सगळं ठीक आहे म्हणाले, तर म्हणाली, "त्यांना काय दिसतंय? आतलं कुठे दिसतं?" सुईत दोरा ओवायचा झाला तर शेजारणीकडे जायची. मशीनच्या सुईत डोळे मिटून दोरा घालणारी बाई! आणि बाबा हळहळायचे, "ताई थकली गं." मी 'हो ना' म्हणायचे. प्रत्येक 'हो ना'ला आतून माझी मला शिसारी यायची, आणि तरी मी म्हणायचे.

सांगायचं ठरवून मी चारदा तिच्या घरी गेले. चहा पिऊन परत आले. एकदा तर नेलपॉलिशची बाटली घेऊन गेले, काय डोकं चालवलं होतं कोण जाणे. तिने ती कपाटात ठेवली आणि म्हणाली, "आता कशाला?"

मग एका शनिवारी बाबांनी सांगितलं की आत्या घर बंद करून आमच्याकडे राहायला येतेय. तिनेच ठरवलं. एकटीने राहायची भीती वाटते म्हणाली, उद्या गॅस उघडा राहिला तर खालच्या बिऱ्हाडात लहान मुलं आहेत. मी टेम्पो ठरवून गेले. घर आवरून झालेलं, पलंगाची घडी, भांडी पोत्यात. ती त्या अवजारांच्या खोक्याला सुतळी बांधत होती. आमचे चित्रकलेचे मास्तर, क्लबमधले सगळ्यात जुने सभासद, त्यांची रायफल घेऊन दाराशी उभे होते.

"बाई, कंपनीवाल्यांनी घोळ करून ठेवलाय. तुम्ही एकदा उघडून बघा."

"नको मास्तर. माझ्या हातावर विसंबू नका. आत काय राहून जाईल, मलाच कळायचं नाही." आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. लपवले. जसं लहान मूल शाई लागलेले हात लपवतं.

मास्तर गेले. मी दार लावलं आणि उभ्याउभ्याच बोलले. "आत्या, तेल मी घातलं होतं."

तिला ऐकू गेलं नाही असं वाटलं. मग म्हणाली, "कुठलं तेल?"

"चाचणीच्या दिवशी. तू छर्रे निवडायला गेलीस तेव्हा. तुझ्या कुपीतलं. मी डॉक्टरांना फोनवर साडेसहाशे सांगून बसले होते."

"किती थेंब?"

"दोन."

"पिस्टनच्या पुढे?"

"हो."

ती खोक्यावर बसली. ओठ हलत होते, हिशोब चालला होता. "दोन थेंब. पहिला बार सातशे चाळीस, मग उतरत, वरखाली... बरोबर आहे. दोन थेंबांनी तसंच होणार." तिने पदराखालचे हात बाहेर काढले, उलटसुलट करून बघितले, आणि माझ्याकडे बघून अशी हसली! मी तिला तशी हसताना लहानपणानंतर बघितलं नव्हतं. "म्हणजे मी नव्हतं घातलं! अगं, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे! हात चांगले आहेत माझे!" तिने माझे दंड धरून मला गदागदा हलवलं. मला वाटलं होतं थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. हिला आनंद झाला होता, आणि तो आनंद बघताना मी जितकी मेले तितकी चाचणीच्या दिवशीही मेले नव्हते.

"आत्या, मला शिव्या तरी दे."

हसू हळूहळू ओसरलं. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी कोण ते आत्ता तिच्या ध्यानात येत होतं. "पाच महिने," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून मी आधी हे हात बघायचे, मिरचे. आज काय करून ठेवतील म्हणून. आणि तू इथे बसून चहा प्यायचीस."

मी रडायला लागले. ती उठून खिडकीशी गेली. "टेम्पोवाल्याला परत पाठव. आणि तूही जा आता. आज नको थांबूस."

मी जिना उतरले तेव्हा वर भांड्यांचं पोतं उघडल्याचा आवाज येत होता.

पुढच्या रविवारी मी कमिटीसमोर उभी राहून सगळं सांगितलं. डॉक्टरांचं तोंड उघडंच राहिलं. मला रेंजवरून काढतील वाटलं होतं. त्यांनी काढलं नाही, मी नको म्हणत असताना ठेवलं, तेही टोचतं. खोलीत चषक मांडून झाले होते, ती काही परत मिळाली नाही. डॉक्टर स्वतः आत्याच्या घरी जाऊन माफी मागून आले, आणि येताना त्यांच्या मेव्हण्याची रायफल तिच्याकडे टाकून आले.

आता ती घरीच काम करते, गॅलरीला लागून असलेल्या खोलीत. मास्तरांची पहिली झाली, मग रांगच लागली. मला ती पूर्वीसारखीच हाक मारते. माझा दुखरा गुडघा कसा आहे विचारते, बाबांना ओरडते, मला डब्यात काहीतरी घालून देते. दुरुस्त झालेल्या रायफली क्लबवर न्यायला मीच जाते.

फक्त कधी वेळेआधी पोचले आणि बाकावर रायफल उघडी असली, तर ती उठते, खोलीच्या दाराशी येते आणि म्हणते, "मिरचे, जरा बाहेर थांब हं." रागाने नाही. अगदी सहज. मग आतून कडी लावते.

मी बाहेर जिन्यावर बसते, तिने बोलावेपर्यंत.